टाळ्या पडल्या, पण कळलं काय? एका विज्ञान व्याख्यानाची केस स्टडी

ही केस एका युनिव्हर्सिटीच्या फिजिक्स डिपार्टमेंटची आहे. डिपार्टमेंट अधूनमधून संध्याकाळी सगळ्यांसाठी खुली व्याख्यानं ठेवतं, प्रवेश फुकट, कोणीही यावं, त्यामुळे हॉलमध्ये शाळेतली पोरं असतात, त्यांना घेऊन आलेले आईबाप असतात, रिटायर झालेली मंडळी असतात आणि मागच्या रांगांत इतर डिपार्टमेंटचे विद्यार्थी. मी आयोजनाच्या टीममध्ये आहे, म्हणजे हॉल बुक करण्यापासून माइकच्या बॅटऱ्या बदलण्यापर्यंत सगळं बघणाऱ्यांपैकी एक. हे लिहायचं कारण असं की एका व्याख्यानानंतर जे समोर आलं आणि त्यावरून पुढचं व्याख्यान जसं बदललं गेलं, ते अशी कामं करणाऱ्या बाकीच्यांना नक्की उपयोगी पडेल, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक लोक "प्रयोग दाखवा, लोकांना आवडतं" एवढ्यावरच थांबतात.

व्याख्यानाचा विषय होता वीज आणि चुंबकत्व. वक्ते आमच्याच डिपार्टमेंटचे एक सीनियर प्राध्यापक, बोलायला एकदम छान, आवाज खणखणीत, आणि एका तासात त्यांनी डेमोंचा अक्षरशः पाऊस पाडला. व्हॅन डी ग्राफ जनरेटरवर (स्थिर वीज साठवणारा धातूचा गोळा) हात ठेवून एका मुलीचे केस उभे राहिले, कॉइलवरची अॅल्युमिनियमची रिंग टुणकन वर उडाली, टेस्ला कॉइलच्या ठिणग्या, लिक्विड नायट्रोजनमध्ये गार केलेल्या सुपरकंडक्टरवर (म्हणजे विजेला अजिबात न अडवणाऱ्या पदार्थावर) तरंगणारं चुंबक, आणि तांब्याच्या नळीतून हळूहळू खाली येणारं चुंबक. प्रत्येक डेमोला टाळ्या. फीडबॅक फॉर्म आले तेही तसेच, "खूप मजा आली", "पुन्हा ठेवा", "मुलाला सायंटिस्ट व्हायचंय म्हणतो". अशा फॉर्मवर कोणतंही डिपार्टमेंट खूश होईल आणि तेही झालंच.

पाणी कुठं मुरतंय ते कळलं बाहेरच्या टेबलावर. हॉलच्या दाराशी एक टेबल मांडलेलं असतं, तिथं लोक स्वतः वस्तू हाताळून बघतात. त्या दिवशी तिथं तांब्याची नळी आणि चुंबक ठेवलं होतं आणि एक पीएचडी करणारी मुलगी उभी होती. तिनं सहज म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "चुंबक हळू का पडतं, काय वाटतं तुम्हाला?" आणि उत्तरं वहीत लिहून घेतली. वही मी नंतर वाचली. "तांबं थोडं थोडं चुंबकाला चिकटतं." "नळी आतून घासते." "आत हवा दाबली जाते, बाहेर पडायला जागा नाही." "नळीच्या आत अजून एक चुंबक लावलंय." एका गृहस्थांनी लिहून दिलं होतं की चुंबक मधोमध काही वेळ पूर्ण थांबलं होतं, त्यांनी स्वतः बघितलं. ते थांबलं नव्हतं, साध्या तांब्याच्या नळीत ते थांबूच शकत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. बरोबर उत्तराच्या आसपास जाणारे अगदी थोडे, आणि त्यातले बरेचसे आधीपासूनच फिजिक्स शिकलेले. सरांनी स्टेजवरून कारण नीट सांगितलं होतं बरं का, स्लाइडही होती. म्हणजे सांगितलं नाही असं नाही, सांगितलेलं पोचलं नाही.

मीटिंगमध्ये यावरून दोन तट पडले. सरांचं म्हणणं, "हा क्लास नाही, इथं परीक्षा घ्यायची नाहीये, लोकांना विज्ञानाची गोडी लागली की आपलं काम झालं." हे म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. गोडी लागल्याशिवाय कोणी पुढचं पुस्तक उघडत नाही. फॅरेडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्यानं देत होता, ती परंपरा १८२५ मध्ये सुरू झाली आणि त्यानं स्वतः अशा १९ मालिका केल्या, त्याही प्रयोगांनी भरलेल्या, आणि लोक गर्दी करायचे. पण दुसरी बाजू मला जास्त पटली. माणूस "तांबं चुंबकाला चिकटतं" हे युनिव्हर्सिटीत डोळ्यांनी बघून आलोय म्हणून घरी घेऊन गेला, तर ती चूक आता पहिल्यापेक्षा घट्ट बसली, कारण तिच्यावर युनिव्हर्सिटीचा शिक्का बसला. पोरगं शाळेत जाऊन ठामपणे तेच सांगणार. गोडीही लागावी आणि चुकीचं काही सोबत जाऊ नये, एवढं तर आपण बघू शकतो ना.

वहीत जे दिसलं ते नवीन नाहीये, यावर नीट अभ्यास झालेला आहे. हार्वर्डमध्ये कॅथरीन क्राउच, एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक पेपर छापला होता. एकच डेमो वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या पद्धतीनं दाखवला: एका गटाला दाखवलाच नाही, एकाला नुसता दाखवला, एकाला आधी "काय होईल" याचा अंदाज द्यायला लावून मग दाखवला, आणि एकाला अंदाज, डेमो आणि आपापसात चर्चा असं सगळं. नंतर परीक्षा घेतली तेव्हा बरोबर कारण सांगू शकणारे, डेमो न बघितलेल्यांत २२ टक्के आणि नुसता बघितलेल्यांत २४ टक्के. म्हणजे जवळपास काहीच फरक नाही! अंदाज दिलेल्यांत ३० आणि चर्चा केलेल्यांत ३२. आकडे फार मोठे नाहीत, पण वेळेचा हिशोब बघा, नुसता दाखवायला साधारण ११ मिनिटं लागत होती आणि अंदाज घेऊन दाखवायला १३. दोन मिनिटांत एवढा फायदा दुसऱ्या कशातून मिळणार? मझूरच्याच ग्रुपनं २०१३ मध्ये अजून एक गोष्ट दाखवली, ती त्या "थांबलेल्या चुंबका"च्या गृहस्थांना तंतोतंत लागू पडते: विद्यार्थी डेमोत काय घडलं म्हणून जे सांगतात, त्यातलं साधारण पाचातलं एक निरीक्षण प्रत्यक्ष घडलेल्याशी जुळतच नाही. डोक्यात आधी जे बसलंय ते माणूस बघतो. त्यामुळे कारण समजावण्याआधी "तुम्ही नक्की काय बघितलं" हेच ठरवून घ्यावं लागतं.

पुढचं व्याख्यान त्याच विषयावर आणि त्याच सरांचं ठेवलं गेलं, हे मुद्दाम, म्हणजे वक्ता बदलला म्हणून फरक पडला असं कोणी म्हणायला नको. सर तयार झाले याचं मला खरंच कौतुक वाटतं, कारण हातातले हमखास टाळ्यांचे डेमो सोडून द्यायला धीर लागतो. डेमो कमी केले, आणि नळी-चुंबकाला मिनिटभराऐवजी चांगला मोठा वेळ दिला. तो भाग कसा झाला ते सविस्तर सांगते.

आधी नुसती ओळख. टेबलावर सारख्या मापाच्या तीन नळ्या, तांब्याची, अॅल्युमिनियमची, प्लॅस्टिकची. समोरच्या रांगेतल्या एका मुलाला बोलावून सगळ्या नळ्यांना बाहेरून चुंबक लावून बघायला सांगितलं. चिकटतंय का? नाही. परत बघ. नाही चिकटत. ही एवढीशी गोष्ट पहिल्या वेळी झालीच नव्हती, आणि वहीतलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं चुकीचं उत्तर नेमकं यावरच उभं होतं. मग दोन सारख्या दिसणाऱ्या कांड्या, एक निओडिमियमचं (फार ताकदवान असतं) चुंबक आणि एक त्याच मापाची पितळेची कांडी. दोन्ही तांब्याच्याच पण वेगवेगळ्या नळ्यांत एकदम सोडल्या तर आधी कोण बाहेर येईल? लोकांना दाराशी तीन रंगांचे कागद दिले होते, कांडी आधी, चुंबक आधी, दोन्ही एकदम. कागद छातीशी धरायचा, डोक्याच्या वर नाही, कारण वर धरला की लोक शेजाऱ्याचा रंग बघून आपला बदलतात.

मग सर म्हणाले, "आता शेजारच्याला पटवा." दोन मिनिटं. हॉलमध्ये जो गलका झाला तो ऐकण्यासारखा होता, अनोळखी माणसं एकमेकांकडे वळून तावातावानं बोलत होती, एक शाळेतली मुलगी एका आजोबांना हातवारे करून काहीतरी पटवत होती आणि आजोबा मान हलवून नाही नाही म्हणत होते. परत मत घेतलं, बरेच रंग बदलले. मग डेमो. कांडी खट्कन खाली, आणि चुंबक निवांत, सावकाश. इथं अजून एक सुधारणा होती, नळीच्या वरच्या तोंडावर छोटा कॅमेरा लावून आतलं चित्र पडद्यावर टाकलं होतं. नळी काही आरपार दिसत नाही, आधी लोकांना फक्त "टाकलं" आणि "उशिरा बाहेर आलं" एवढंच दिसायचं, मधलं सगळं ते मनानंच भरायचे. आता चुंबक भिंतीला न घासता एकसारख्या वेगानं खाली जाताना सगळ्यांना दिसलं. लगेच कारण नाही सांगितलं. आधी विचारलं, "काय बघितलं? मधे थांबलं का? घासलं का?" परत एकदा सोडलं, परत बघितलं, आणि हॉलनं एकमतानं ठरवलं की थांबत नाही, घासत नाही, वेग सारखा राहतो.

आता कारण सांगायला जमीन तयार होती. नळी म्हणजे एकावर एक रचलेली धातूची कडी असं समजा, चुंबक खाली सरकतं तसं त्यातल्या प्रत्येक कड्यामधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि क्षेत्र बदललं की धातूत करंट सुरू होतो, हे फॅरेडेनं १८३१ मध्ये शोधलं. हा करंट कुठल्या दिशेला फिरेल ते लेंझ नावाच्या शास्त्रज्ञानं १८३४ मध्ये सांगितलं, ज्या बदलामुळे तो तयार झाला त्याला विरोध होईल अशा दिशेला. म्हणजे चुंबकाच्या खालची कडी त्याला वर ढकलतात आणि वरची कडी त्याला वर ओढतात. आणि यातच "थांबलं होतं"चं उत्तर आहे: चुंबक थांबलं तर क्षेत्र बदलायचं थांबेल, करंट मरेल, आधार जाईल आणि ते परत पडायला लागेल. पडत राहणं हीच हळू पडण्याची अट आहे. हे वाक्य सरांनी सांगितलं नाही, प्रश्न विचारून प्रेक्षकांमधल्या एका कॉलेजच्या मुलाकडून काढून घेतलं, आणि त्याचं वाक्य ऐकून आजूबाजूच्या माणसांचे चेहरे जसे बदलले त्याला कुठल्याही ठिणग्यांची सर नाही.

त्यानंतर लांबीला उभी चीर पाडलेली नळी. काय होईल? बहुतेकांचा अंदाज, चीर पाडली म्हणजे कडं तुटलं, करंट बंद, चुंबक धाडकन पडणार. पडलं ते आधीपेक्षा लवकर, पण मोकळं पडावं तितकं लवकर नाही. कारण करंट नळीभोवती पूर्ण फेरी मारू शकत नसला तरी भिंतीच्या आत लहान लहान फेरे मारतोच, धातूत असा गोल फिरणाऱ्या करंटला एडी करंट म्हणतात. अर्धा अंदाज बरोबर आणि अर्धा चूक येतो तेव्हा लोक जास्त विचार करतात, असं मला त्या दिवशी जाणवलं.

आणि सगळ्यात रंगलेला प्रश्न वजनाचा. नळी ताणकाट्याला टांगली, काटा नळीचं वजन दाखवतोय. चुंबक आत सोडलं, ते भिंतीला न शिवता पडतंय. तेवढ्या वेळात काटा काय दाखवेल? फक्त नळीचं वजन, की नळी अधिक चुंबक, की मधलंच काहीतरी? रिटायर्ड मंडळींच्या रांगेत यावरून जे चाललं होतं ते आवरायला सरांना दोनदा माइकवर यावं लागलं. उत्तर आहे, नळी अधिक चुंबक, पूर्ण. वेग सारखा आहे म्हणजे चुंबकावरचं एकूण बल शून्य, म्हणजे नळी त्याला त्याच्या वजनाइतक्या बलानं वर धरते, म्हणजे ते नळीला तेवढ्याच बलानं खाली ढकलतं, न्यूटनचा तिसरा नियम. स्पर्श नाही तरी वजन आहे. शाळेत पाठ केलेला नियम असा काट्यावर दिसला की तो माणसाचा होतो.

अडचणीही आल्या, त्या सांगायलाच हव्यात. ज्यांना उत्तर माहीत असतं ते मोठ्यानं सांगून टाकतात, एकानं पहिल्याच प्रश्नाला "लेंझ!" असं ओरडून सगळ्यांचा विचारच बंद केला. यावर आता उपाय असा की सुरुवातीलाच सांगायचं, ज्यांना माहीत आहे त्यांनी उत्तर न सांगता शेजाऱ्याला प्रश्न विचारून तिथपर्यंत न्यायचं, आणि हे काम त्यांना आवडतं. आईबाप मुलांच्या हातातला कागद बदलतात, हे फार वेळा दिसलं, "अगं तो नाही, हा धर". मुलं आणि पालक वेगळे बसवायचा विचार झाला होता पण लहान मुलांना ते नको वाटतं, म्हणून आता मुलांना वेगळ्या रंगाचे कागद देतो आणि मुलांचं मत आधी घेतो. अगदी लहान पोरं चर्चेच्या दोन मिनिटांत कंटाळली, त्यांच्यासाठी हा प्रकार नाहीच, त्यांना बाहेरच्या टेबलावर हाताळायला देणं जास्त बरं.

शेवटची प्रश्नोत्तरं हा वेगळाच त्रास. माइक फिरवला की तीच तीन-चार माणसं बोलतात आणि प्रश्नाऐवजी भाषण करतात, लाजाळू माणसाच्या तोंडचा प्रश्न तसाच राहतो. आता चिठ्ठ्या गोळा करतो, पीएचडीची मुलं त्या वाचून सारखे प्रश्न एकत्र करतात, आणि पहिला प्रश्न नेहमी शाळेतल्या मुलाचा. पहिला प्रश्न साधा आला की बाकीच्यांची भीड चेपते. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "नळी खूप गार केली तर?" खरं तर हा प्रश्न ठेवायला हवा असा कार्यक्रमातच! लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांना असतं, तिथं तांब्याचा विजेला होणारा विरोध (रेझिस्टन्स) साधारण सात-आठ पट कमी होतो, कमी वेगातही तेवढाच करंट तयार होतो, चुंबक अजून खूप हळू उतरतं, पण तरीही थांबत नाही. नळी सुपरकंडक्टरची असती तर गोष्ट वेगळी, तिथं करंट मरत नाही. एका चिठ्ठीनं दोन डेमोंचं नातं जोडून दिलं, जे आधीच्या व्याख्यानात एकापाठोपाठ दाखवूनही सुटेच राहिले होते. फक्त लिक्विड नायट्रोजनचा उकळून वायू होताना तो साधारण ७०० पट पसरतो आणि खोलीतला ऑक्सिजन ढकलतो, त्यामुळे बंद, लहान खोलीत हा प्रकार करू नये, हॉल मोठा आणि हवेशीरच हवा.

बाहेरच्या टेबलावर तीच मुलगी, तीच वही, तोच प्रश्न. या वेळी "चिकटतं" म्हणणारे फारसे उरले नव्हते. "करंट तयार होतो आणि तो अडवतो" असं बऱ्याच जणांनी आपल्या शब्दांत सांगितलं. सगळ्यांना कळलं असं अजिबात नाही. एक नवीन चूकही आली, "तांबं काही वेळापुरतं चुंबक बनतं", आणि ही पूर्ण चूक म्हणता येत नाही, करंटची कडी चुंबकासारखीच वागतात, पण तांब्याचा धातू स्वतः चुंबक होत नाही. ती चूक तिनं वहीत वेगळ्या रंगानं लिहिली, पुढच्या वेळच्या प्रश्नात घालायला.

किंमतही मोजावी लागली. काही जणांनी फॉर्मवर लिहिलं की मागच्या वेळी जास्त प्रयोग होते. टेस्ला कॉइल बघायला आलेली मुलं हिरमुसली, ते मला लागलं. यातून मधला मार्ग निघाला: सुरुवातीला दोन दणकेबाज डेमो, आणि सरांनी आधीच सांगून टाकायचं की हे फक्त बघायला आहे, कारण आज सांगणार नाही. बघण्यासाठी बघणं आणि समजण्यासाठी बघणं वेगळं ठेवलं की दोन्ही छान होतं, हे माझं मत. आणि हळू डेमोला लोक कंटाळतात हेही खरं नाही. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवायला १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून लंबक लावला होता, त्याची डोलायची दिशा तिथं तासाला फक्त ११ अंशांच्या आसपास वळते, आणि तरी ते बघायला गर्दी लोटली होती, कारण काय बघायचं आणि त्याचा अर्थ काय हे लोकांना आधी माहीत होतं.

शाळांमधल्या शिक्षकांनी नळी-चुंबकाचं किट मागितलं, ते आता उसनं देतो, आणि सोबत एक पान. त्यावर असं आहे की तांब्याची नळी नसेल तर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा नवीन, भरलेला रोल चालतो, मधल्या पुठ्ठ्याच्या नळीतून चुंबक सोडलं तरी ते हळू पडतं. पानाच्या सगळ्यात वर ठळक अक्षरांत सूचना आहे, निओडिमियमची लहान चुंबकं मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत, दोन गिळली गेली तर आतड्याची भिंत मधे पकडून चिमटतात आणि ऑपरेशनची वेळ येऊ शकते, आणि पेसमेकर असलेल्या माणसांपासून ती लांब ठेवावीत. प्रश्न पानाच्या मागच्या बाजूला आहेत, उत्तरं वेगळ्या पाकिटात, कारण शिक्षकही आधी उत्तर वाचतात आणि मग मुलांना ते तोंडातून सुटतंच.

पुढचं व्याख्यान ध्वनीवर आहे, वक्त्या दुसऱ्या आहेत. त्यांना आत्तापासून सांगून ठेवलंय की समजावून सांगायचे डेमो जास्तीत जास्त चार, आणि प्रत्येकाचा प्रश्न आधी फिजिक्स न शिकलेल्या लोकांवर वापरून बघायचा. सगळे बरोबर सांगतात किंवा सगळे एकच चूक करतात असा प्रश्न बाद, मतं फुटली पाहिजेत. वहीवाली मुलगी सध्या लायब्ररीच्या कट्ट्यावर आणि इतिहासाच्या डिपार्टमेंटमध्ये फिरून हेच करतीये, आणि तिनं बनवलेल्या प्रश्नांपैकी दोन आत्ताच बाद झालेत.